गुंडाळीपासून दीड हात

ती घटना आजही आठवते, आणि ती आठवायला मला कुठली फाईल उघडावी लागत नाही. रस्त्याच्या कडेला खांबावर गोल गुंडाळून टांगलेली काळी वायर दिसली की पुरे. तुम्हीही ती रोज पाहता. कोणा आळशी माणसानं उरलेली वायर तशीच लटकवून दिली, असं बहुतेकांना वाटतं. चौतीस वर्षांची नोकरी होईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. जालना रोडवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि चिकलठाण्याचा बराच भाग आमच्या हद्दीत यायचा. एका बाजूला जुने कारखाने, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्या, आणि दोन्हींच्या मधून गेलेले वायरींचे जुडगे. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. यातली माणसं आजही याच शहरात राहतात आणि बाजारात समोरासमोर येतात.

एका मंगळवारी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात एक पन्नाशीच्या बाई थेट माझ्या खोलीत आल्या. दारावरचा शिपाई त्यांच्या मागून धावत आला, पण त्या आधीच खुर्चीत बसल्या होत्या. त्या भागात त्यांना सगळे ‘केबलवाल्या ताई’ म्हणतात. नवऱ्यानं गच्चीवर छत्री लावून केबल टीव्ही सुरू केला, पुढं तांब्याची वायर काढून फायबर टाकली आणि घरोघरी इंटरनेट दिलं. सहा वर्षांपूर्वी तो वारला. बाई महिनाभरात धंदा विकून मोकळ्या होतील, असं म्हणणाऱ्यांनी पैजा लावल्या होत्या. ताईंनी दुकानाला नवा रंग दिला आणि स्वतः काउंटरवर बसल्या.

त्यांनी माझ्या टेबलावर कागद टाकले. दोन अदखलपात्र नोंदीच्या पावत्या, एक साधा अर्ज आणि चौथी तक्रार तोंडी. पाच आठवड्यांत त्यांची मुख्य लाईन चार वेळा कोणीतरी कापली होती. पहिल्या दोन वेळा माझ्याच अंमलदारांनी पावती हातात देऊन त्यांना घरी पाठवलं होतं. खरं सांगायचं तर वाटेला लावलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

ताईंचं म्हणणं सरळ होतं. चिकलठाण्यातल्या तीन मोठ्या सोसायट्यांवर त्यांचं दुकान चालत होतं. हल्ली घरी बसून नोकरी करणारे आणि ऑनलाइन परीक्षा देणारे घरोघरी झालेत. अर्धा तास लाईन बंद राहिली की ग्रुपवर शिव्या सुरू होतात. तिन्ही सोसायट्यांनी मिळून येत्या रविवारी बैठक ठेवली होती. एका बड्या कंपनीचा माणूस गच्चीवर डबा बसवून बिनवायरचं इंटरनेट द्यायला तयारच बसला होता. त्या तीन सोसायट्या गेल्या की ताईंचं दुकान संपलं.

मी सवयीनं म्हणालो, “ठीक आहे, चौकशी करतो.”

“चौकशी नको, साहेब,” त्या म्हणाल्या. “माणूस पाहिजे. रविवारच्या आत.”

मला ते लागलं. माझ्याच ठाण्यात बसून कोणी मला मुदत देतंय म्हणून लागलं, आणि बाईंचं बरोबर होतं म्हणून जास्त लागलं. मी त्याच दिवशी गुन्हा दाखल करायला लावला. नव्या दूरसंचार कायद्यात अशा नुकसानीसाठी वेगळं कलम आहे, ते आमच्यापैकी कोणी वाचलेलंच नव्हतं. मी चष्मा लावून वाचलं आणि सगळ्यांना वाचायला लावलं. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, वायर तुटली म्हणून ठाण्याचा प्रभारी आता खांब मोजत फिरणार का? मी म्हणालो, हो सर, मोजणार.

इथं थोडं मागचं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी कन्नड तालुक्यात पिशोरला काही महिने काढले. तेव्हा अख्ख्या गावात फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाहेरगावी बोलायचं तर नंबर लावून बसायचं. दुपारी लावलेला संध्याकाळी लागला तरी माणूस खूश होऊन घरी जायचा. फोन बंद पडला की लाइनमनची वाट पाहणारे लोक त्याला चहा पाजायचे, घरचं ताकही द्यायचे. आज तीच पिशोरची पोरं शेताच्या बांधावरून व्हिडिओवर बोलतात आणि क्षणभर चित्र अडकलं तर कंपनीचा उद्धार करतात. माणसाची वाट बघायची ताकद किती झपाट्यानं आटली, ते मी माझ्या एका नोकरीत पाहिलं. त्या वेळी मला हे नुसतं गमतीचं वाटायचं, पण गुन्ह्याचं मूळ तिथंच निघालं.

बुधवारी भल्या सकाळीच खबर आली. मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानदाराचा फोन होता. तिसऱ्यांदा वायर कापली गेली त्या दुपारी त्याच्या दुकानासमोरच्या खांबावर बड्या कंपनीचा निळ्या टी-शर्टवाला लाइनमन चढलेला त्यानं पाहिला होता. ताईंना विचारलं तर त्यांनी लगेच नाव सांगितलं. तो तिशीतला माणूस, राहायला उस्मानपुऱ्यात, दोन वर्षांपूर्वीपर्यंत ताईंकडंच कामाला होता. भांडून गेला होता, आणि जाताना ‘तुमची लाईन कशी चालते बघतोच’ असं चारचौघांत बोलला होता.

हेतू होता, साक्षीदार होता, धमकीही होती. असं तयार ताट समोर आलं की पोलिसाला भूक लागते. मी त्याला बोलावून घेतलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर नुसतं बसवून ठेवलं. ही आमची जुनी रीत. बसून बसून माणूस स्वतःच मऊ होतो. पण हा मऊ झाला नाही, उलट चिडला.

चौकशीत त्यानं खांबावर चढल्याचं नाकारलं नाही. त्याच खांबावरून त्याच्या कंपनीचीही वायर जात होती आणि त्या दिवसाच्या कामाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. टॉवर लोकेशनचा उपयोग नव्हता, कारण या प्रकरणातला प्रत्येक जण दिवसभर त्याच चार गल्ल्यांत असायचा. मी धमकीबद्दल विचारलं. तो म्हणाला, “बोललो, साहेब. खुन्नस होती, कबूल. पण तुम्ही वायर कुठं तोडली ते बघितलं का?”

मी म्हणालो, खांबाजवळ.

“खांबाजवळ नाय, लूपजवळ. ती गुंडाळी असती ना वर, तिच्याजवळ. तिथं तोडली की गुंडाळीतली वायर ओढायची, एक जॉइंट मारायचा, अर्ध्या तासात लाईन चालू. मला वाटोळं करायचं असतं तर दोन खांबांच्या बरोब्बर मधी तोडली असती. तिथं वायर पुरत नाय. नवा तुकडा घाला, दोन जॉइंट मारा, सगळा दिवस जातो. दुश्मनी करायची आन् वरून मेहरबानी करायची, असं कोण करंल, साहेब?”

आरोपी वकिली करायला लागला की पोलिसाला राग येतो. मलाही आला. पण राग आला तरी मुद्दा खोडता येईना. मी त्याला, शहर सोडू नको, असं सांगून घरी पाठवलं. माझे अंमलदार एकमेकांकडं पाहायला लागले. साहेब रिटायरमेंटला आले, नरमले, असं त्यांना वाटलं असणार.

मी जुने पंचनामे मागवले. आमच्याकडं एक हवालदार होता, मोजमापाचा भारी नाद. चोरी झालेल्या घराचा पंचनामा केला तर तो देव्हाऱ्याची उंचीसुद्धा लिहायचा. त्याच्या लांबलचक पंचनाम्यांवरून मी त्याला अनेकदा झापलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी लाईन जोडत असतानाच तो जागेवर पोचला होता, आणि दोन्ही पंचनामे त्याचेच होते. दोन्हींत एकच वाक्य होतं: ‘सदर वायर खांबावरील गुंडाळीपासून अंदाजे दीड हात अंतरावर कापलेली दिसून आली.’ कापलेली टोकंसुद्धा त्यानं दोन-दोन इंच काढून, लाख लावून सील करून ठेवली होती. त्या पाकिटांना मी त्या वेळी हसलो होतो. आता मी त्याला स्वतःच्या खर्चानं चहा सांगितला, तर तो घाबरला, आपली बदली झाली की काय म्हणून.

गुरुवारी आम्ही दोघं ताईंच्या मुख्य लाईनवरून उन्हात पायी फिरलो. हवालदार खांब मोजत होता, मी गुंडाळ्या. शंभरावर खांब होते आणि गुंडाळ्या जेमतेम चौदा ठिकाणी. पहिल्या दोन घटनांचे जोडही शोधून काढले. चारही जोड गुंडाळीला लागूनच होते. एक वेळ योगायोग म्हणता येतो, दोन वेळाही म्हणता येतो. चार वेळा सुरी नेमकी बऱ्या होणाऱ्या जागीच लागली असेल, तर सुरी धरणाऱ्याला जखम बरी व्हायला हवी होती. आणि जखम कोणाला बरी करायची असते? ज्याच्यावर बरी करायची जबाबदारी असते त्याला. मला ते नाव मनातही घ्यायला जड गेलं.

ताईंकडं जॉइंट मारणारा माणूस एकच होता. साठीला टेकलेला, सडपातळ, कमरेला कातडी पट्टा. नवऱ्याच्या काळापासूनचा. ताईंच्या घरातलं लग्न असो की मयत, तो पुढं असायचा. सगळे त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे आणि तो ताईंना वहिनी म्हणायचा. चारही वेळा धावत जाऊन लाईन जोडणारा तोच. लोकांनी त्याला खांबावर चढताना रोज पाहिलं होतं. शिडीवरच्या वायरवाल्याकडं कोणी लक्ष देत नाही. दुकानदारानं निळा टी-शर्ट लक्षात ठेवला तो परक्या रंगाचा होता म्हणून.

शुक्रवारी मी ताईंच्या दुकानात गेलो. काय मनात आहे ते त्यांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं की लाईन तुटली की नेमकी कुठं तुटली हे कसं कळतं. त्या म्हणाल्या, त्याचं मशीन असतं, ते लाईनला लावलं की किती मीटरवर तुटली ते सांगतं. मशीन पाहायला मागितलं, तर ते बिघडून तीन आठवडे झाले, दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं.

“मग मागच्या दोन वेळा?”

ताईंचा चेहरा उजळला. “आमच्या उस्तादांना मशीन लागतच नाय, साहेब. फोन आला की सरळ त्याच खांबावर गेले. वीस मिनिटांत. सगळी लाईन डोक्यात आहे त्यांच्या.”

त्या अभिमानानं सांगत होत्या आणि मी खाली बघून लिहून घेत होतो. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडून पुरावा काढला, पण असा कौतुकातून आलेला पुरावा फार थोड्या वेळा मिळाला आणि त्याचा आनंद एकदाही झाला नाही.

पण ‘खांब अनुभवानं सापडला’ असं उस्ताद म्हणाले असते तर मी काय करणार होतो? साठीच्या माणसाला दरडावून कबूल करून घेणं मला पटत नव्हतं, आणि पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमतही नसते. मला आधी माझी स्वतःची खात्री हवी होती. रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, जेवून झोपलो. सकाळी दाढी करताना मात्र सुचलं.

शनिवारी दहा वाजता उस्तादांना ठाण्यात बोलावलं. ठाण्याच्या मागं जप्त मोटारसायकली गंजत पडलेल्या असतात, तिथं दोन कडुलिंब आहेत. त्या दोन झाडांच्या मध्ये मी फायबरची वायर ताणून बांधायला लावली होती, आणि एका झाडावर खांबावर असते तशी गुंडाळी टांगली होती. उस्तादांनी आल्या आल्या ती गुंडाळी पाहिली आणि म्हणाले, बांधणी ढिली आहे, वाऱ्यानं सुटंल.

मी त्यांना चहा दिला. मग सांगितलं की कोर्टात मला गुन्हा कसा झाला ते समजावून सांगावं लागेल, आणि या कामातलं मला काही कळत नाही. तुम्हीच लाईन तोडणारे आहात असं समजा, आणि तोडून दाखवा.

त्यांनी पट्ट्यातला कटर काढला, वायरीखाली गेले आणि थांबले. पाहता पाहता त्यांचे पाय झाडाकडं वळले. हात वर गेला, तो गुंडाळीपासून दीड हातावर. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. उस्तादांच्याही लक्षात आलं असावं, कारण हात तसाच हवेत राहिला.

मी म्हणालो, “तिथं कशाला, उस्ताद? मधोमध तोडू.” आणि आधीच आणवून ठेवलेला दुसरा कटर घेऊन मी स्वतः वायरीच्या मध्यावर गेलो आणि पाती लावली.

“साहेब, तिथं नका,” ते म्हणाले. आवाज एकदम बापाचा होता, पोराला विहिरीच्या काठावरून मागं बोलावणारा. “मधी तोडली की दोन जॉइंट पडत्यात. लाईन कमजोर व्हती.”

मी कटर खाली घेतला. मग मी विचारलं, “त्या चारही वेळा म्हणूनच गुंडाळीजवळ तोडली का?”

उस्ताद तिथंच एका जप्त मोटारसायकलच्या सीटवर बसले. त्यांनी नाकारलं नाही. डोळे पुसले नाहीत, पाया पडले नाहीत. जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी माझ्या शब्दांत देतो. केबलच्या काळात जरा वारा सुटला तरी घरोघरून बोलावणं यायचं. दिवसाला दहा-दहा ठिकाणी शिडी लावावी लागायची. फायबर आली आणि बिघाडच थांबले. महिनामहिना खांबावर चढायची गरज पडेना. त्यात लोक बिनवायरच्या डब्यांच्या गोष्टी करायला लागले. दोन महिन्यांपूर्वी दुकानात ताईंचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. पुढच्या दिवाळीपासून उस्तादांना पगारावर ठेवायचं नाही, बिघाड झाला तरच बोलवायचं, असं ताई कोणाला तरी सांगत होत्या.

“फॉल्टच नसंल तर मी कशाला, साहेब? मंग फॉल्ट केला,” ते म्हणाले. “अर्ध्या तासात जोडून देत व्हतो. वहिनीला कळंल, मशीन नाय, डबा नाय, माणूस लागतो. पूर्वी दोन-दोन दिवस टीव्ही बंद राह्यला तरी लोक थांबायचे. आता अर्धा तास थांबत नायत, हे मला काय म्हाईत?”

हीच त्यांची चूक होती. लाईन कशी तुटते आणि कशी जुळते हे त्यांच्याइतकं शहरात कोणाला कळत नव्हतं. लाईनच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस बदलला, हे मात्र त्यांना कळलंच नव्हतं. ज्या अर्ध्या तासावर ते आपली किंमत दाखवत होते, त्याच अर्ध्या तासानं ताईंचं दुकान बुडत होतं.

रीतसर सगळं केलं. अटक केली, पंच बोलावले, पंचांसमोर त्यांनी चारही खांब दाखवले आणि घरातून दुसरा, त्या चारही वेळी वापरलेला कटर काढून दिला. त्याच्या पात्याला बारीक खाच होती. हवालदारानं सील केलेल्या टोकांवर त्या खाचेची रेघ उमटलेली आहे, असा अहवाल पुढं प्रयोगशाळेतून आला. देव्हाऱ्याची उंची मोजणाऱ्या माणसाला मी त्यानंतर कधी झापलं नाही. उस्मानपुऱ्याच्या त्या लाइनमनलाही बोलावून घेतलं. सकाळपासून बसवून ठेवलं ते चुकलं, असं त्याला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती, पण सांगितलं. तो म्हणाला, चहा तरी विचारायचा होता, साहेब.

ताईंना मी स्वतः सांगितलं. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग त्यांना मशीनचं आठवलं. मला वाटलं, आता तक्रार मागं घेतो म्हणतील. तेव्हा त्या म्हणाल्या, “मी त्यांना पगारावरून काढणार होते हे खरंय, साहेब. ते खोटं नाय. पण तक्रार राहू द्या. माझ्या मालकांनी खांबाखांबानं उभी केलेली लाईन आहे ती.”

मग त्यांनी एक गोष्ट मागितली. लाईन कुठून कुठं जाते हे कागदावर कुठंच नव्हतं. आधी नवऱ्याच्या आणि मग उस्तादांच्या डोक्यात होतं. उद्या सोसायट्यांसमोर उभं राहायचं तर त्यांना ते हवं होतं. कायद्यात न बसणारं त्यात काही नव्हतं, उलट मला तपासाला उपयोगीच होतं. मी लॉकअपमधून उस्तादांना बाहेर काढलं आणि माझ्या टेबलावर मोठा कागद पसरला.

दोन तास ते काढत होते. खांब, वळणं, कुठल्या इमारतीला कुठल्या रंगाची फायबर, कुठल्या झाडाची फांदी घासते, सगळं. ताई समोर बसून बघत होत्या. चौदा गुंडाळ्यांना उस्तादांनी चौदा गोल काढले. मग पेन थांबलं. पुन्हा उचललं आणि चार गोलांशेजारी चार फुल्या मारल्या. मी सांगितलं नव्हतं. मूळ कागद फाईलला लागला आणि झेरॉक्स ताई घेऊन गेल्या.

रविवारच्या बैठकीला मी साध्या कपड्यांत मागं जाऊन बसलो. ताईंना सोपं होतं; कापणारा पकडला एवढं सांगून त्या सुटू शकल्या असत्या आणि लोकांनी बड्या कंपनीचंच नाव मनात धरलं असतं. त्यांनी झेरॉक्स भिंतीला चिकटवली आणि सांगितलं की माझ्याच माणसानं तोडली, या चार जागी तोडली, आणि आजपासून ही लाईन मला स्वतःला माहीत आहे. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक सोसायटी सोडून गेली, तिच्या गच्चीवर आता डबे आहेत. दोन राहिल्या.

उस्तादांना जामीन झाला. ताईंच्या लाईनच्या आसपास फिरकायचं नाही, ही त्यात अट होती. ते गावाकडं गेले. खटला चालू आहे आणि माझी साक्ष अजून व्हायची आहे. साक्षीत मी जे घडलं तेच सांगणार, त्यात दयामाया येणार नाही.

पण नोकरीच्या शेवटी मिळालेला एक धडा साक्षीत सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितो. शत्रू घाव घालतो तो सापडेल तिथं घालतो. घाव नीट जागा पाहून, जपून घातलेला दिसला, तर गावभर शोधत फिरू नये, आधी घरात पाहावं. आणि ज्याच्या हातावर आपलं सगळं चालतं, त्याला काढायचं असेल तर ते त्याच्या समोर बसून सांगावं. त्याच्या पाठीमागं फोनवर बोलू नये. ताईंनाही मी हे तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात चिकलठाण्यातून जाताना ताई रस्त्यात दिसल्या. नवा जॉइंटर खांबावर चढला होता आणि खाली ताई उभ्या राहून त्याला कुठली वायर ओढायची ते सांगत होत्या. हातात तीच झेरॉक्स, आता प्लास्टिकमध्ये बसवलेली. मी ती घेऊन पाहिली. चार फुल्या तशाच होत्या. मी म्हणालो, ताई, एवढं नवं करून घेतलंत, तर या फुल्या खोडून टाकायच्या होत्या.

“राहू द्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “तिथं जॉइंट आहेत. जॉइंट कुठं आहे ते माहीत असलेलं बरं.”

मग त्यांनी वर पाहिलं आणि नव्या माणसाला सांगितलं की गुंडाळीची बांधणी ढिली आहे, वाऱ्यानं सुटेल.